आधी झगरा, मग खोली

जगातले सगळे घरमालक भाडेकरू पारखताना डोळे वापरतात. आमच्या बदलापूरच्या मालकांनी उभ्या आयुष्यात फक्त कान वापरले. तुम्ही नोकरी कुठं करता, मासळी खाता का, पाहुणे किती येतात, रात्री दिवा कधी मालवता, यातलं एक अक्षर त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की तुम्ही नवरा-बायको भांडता कसे? आणि नुसतं विचारून थांबायचे नाहीत. समोर भांडून दाखवायला लावायचे.

ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. मला अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, लग्नाला तीन महिने झाले होते आणि अंबरनाथला जागा मिळत नव्हती. कारखान्यातल्या एकानं सांगितलं, की बदलापूरला बेलवलीत एक खोली आठ महिने रिकामी आहे.

"आठ महिने? पाणी नाही वाटतं तिथं?" मी म्हणालो.

"पाणी आहे की. पण मालकही आहे," तो म्हणाला, आणि आपल्या मशीनकडे वळला.

मालक मूळचे शेतकरी, तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. थोडी भातशेती राखून उरलेल्या जागेत त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. मध्ये त्यांचं घर आणि दोन्ही अंगांना, त्याच घराच्या भिंतींना लागून, दोन-दोन खोल्या. आम्ही गेलो तेव्हा ते पडवीत लुंगी-बंडीवर बसले होते. किडकिडीत देह, पांढरी मिशी, आणि देवानं दुसऱ्या कुणासाठी करून चुकून त्यांना बसवलेत असे मोठे, पुढं आलेले कान. आमचं नावगाव न विचारता ते म्हणाले, "बसा. आता झगरा करा."

त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होई, 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न', हे मला तेव्हा माहीत नव्हतं. झगरा हा पूजेचा काही प्रकार असावा असं वाटून मी चपला काढल्या.

"झगरा! झगरा! नवरा-बायको करतान तो." मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी शांतपणे समजावलं, "ही भिंत एका विटंची हाय. तुमचा जेवान मना दिसनार नाय. तुमचा पगार मना दिसनार नाय. पन तुमचा झगरा मना रोज आयकाला लागल. मंग तो कानाला बरा नको?"

हा युक्तिवाद तेव्हा बिनतोड वाटला. आजही वाटतो.

इथं आमची थोडी ओळख करून द्यायला हवी. मी पुण्याचा. बायको अमरावतीजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन ती पुण्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मले भूक नाही." माझी आई हसून, अगदी गोड आवाजात म्हणाली, "मला. 'मले' नाही हो, मला." आईनं तिला कधी रागावून सांगितलं नाही. प्रत्येक वेळी असं हसूनच सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागायचं. मग बायकोनं बोलणंच कमी केलं, आणि जेवढं बोले तेवढं शाळेच्या पुस्तकात छापता येईल असं बोले. मला मात्र वाटत होतं, की मुलगी शांत स्वभावाची मिळाली.

तर मालकांपुढं आम्ही भांडायला बसलो. सुरुवात मी केली. "आज निघताना तू किल्ली जागेवर ठेवली नाहीस, असं मला वाटतं."

"क्षमा करा. माझ्या लक्षात राहिलं नाही," बायको म्हणाली.

"यापुढे लक्षात ठेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

मालकांनी मिटलेले डोळे उघडले. "ह्यो झगरा हाय का सत्यनारायन?" मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "पुन्याचं का?"

"हो," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"वाटलाच. खोली नाय." आणि ते उठून वांग्यांना पाणी घालायला गेले.

आम्ही फाटकापर्यंत आलो. ऊन मी म्हणत होतं. सकाळपासून ही चौथी जागा. मी घाम पुसत म्हटलं, "गेली ना हातची? जरा मोकळेपणानं भांडली असतीस तर काय बिघडलं असतं? असो."

बायको जागीच थांबली. आणि मग तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम आलं.

"माह्यामुळं गेली? माह्यामुळं? तोंड उघडलं का तुमची आई म्हणते असं नाही, तसं! तोंड बंद ठेवलं का तुम्ही म्हणता बोलत काहून नाही! मंग मी बोलू त काय बोलू बाप्पा? अन् हे 'असो' काय असते हो? बोलून राहिले त पुरं बोला ना! भर उन्हात सकाळपासून हिंडवून राहिले, घोटभर पाणी विचारलं का मले?"

मी तोंड उघडं टाकून उभा होतो. आपलं लग्न नक्की कुणाशी झालं आहे, हे मला त्या फाटकात कळत होतं. तिकडे वांग्यांमध्ये मालकांच्या हातातली बादली कलंडली होती आणि ते घराकडे तोंड करून ओरडत होते, "अगो, किल्ली आन! किल्ली!"

आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "कय? गिल्ली?"

"किल्ली! चार नंबरची!"

सांगायचं राहिलं, मालकीणबाईंना ऐकू कमी यायचं. तालुक्यातला सगळ्यांत तिखट कान आणि सगळ्यांत मंद कान एकाच छपराखाली संसार करत होते. त्या दोघांच्या भांडणात बाई नेहमी जिंकत, कारण मालकांचा एकही मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

अशा रीतीनं बायकोच्या वऱ्हाडीवर आम्हाला खोली मिळाली. बाकीच्या तीन खोल्यांत तशाच परीक्षेला उतरलेली बिऱ्हाडं होती, एक कोल्हापूरचं, एक मालवणचं आणि एक खानदेशातलं. प्रत्येकाबद्दल मालकांची पक्की मतं होती. मालवणी भांडण जेवणाआधी ऐकावं, भूक लागते, असं ते म्हणत. मालवणच्या काकूंनी "मेल्या, खंय होतंस?" म्हटलं, की हे इकडे पाटावर बसलेच. कोल्हापूरच्या जोडप्यानं त्यांना पहिल्याच आठवड्यात घाबरवलं होतं. भिंतीपलीकडून "मी आत्ताच्या आत्ता म्हायेराला जातो!" असं ऐकू आलं आणि खोलीत दुसरा गडी शिरला असं समजून मालक काठी घेऊन धावले. कोल्हापूरकडच्या बायकाही 'जातो', 'येतो'च म्हणतात, हे कळल्यावर ते इतके खूश झाले, की येईल त्याला सांगत सुटले, "तिकरच्या बायका मर्दावानी बोलतान! मना लय आवरला!"

खानदेशी गुरुजींनी मात्र वेगळाच घोटाळा करून ठेवला होता. त्यांच्या अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा' आणि मालकांच्या बोलीत 'मना' म्हणजे 'मला'. गुरुजी शाळेला निघताना रोज बायकोला विचारत, "मना डबा कथा शे?" आपला डबा कुठं आहे, एवढंच ते विचारत होते. पण भिंतीपलीकडे मालकांना वाटे, की हा गरीब मास्तर रोज सकाळी 'मला डबा, मला डबा' करतो आणि बायको देत नाही. त्यांनी महिनाभर गुरुजींना तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी पोचवली. गुरुजी माळकरी होते. त्यांनी ती संकोचानं घेतली आणि मांजरं पोसली. बेलवलीत त्या वर्षी मांजरं फार झाली होती.

नावडत्या बोलींची यादीही त्यांच्यापाशी होती. रेडिओवर बातम्या लागल्या, की ते उठून जात. "ती बाय कुनाशी बोलते? मना तरी नाय बोलत." कचेरीतल्या मराठीला ते 'शिक्क्याची भाषा' म्हणत. पोरंटोरं "मैं बोलला ना तेरेको" असं काही बोलली, की ते दोन्ही कानांवर हात ठेवत. पण सगळ्यांत राग पुण्याच्या बोलीचा. "तुमच्या झगऱ्यात आवाजच नाय, नुसता अपमान. आनि तो 'असो'! तो काय शब्द हाय? झगरा अर्धा टाकून पलून जावाचा शब्द!"

याउलट उल्हासनगरच्या सिंधी दुकानदारांची मराठी त्यांना जीव की प्राण. एका रविवारी ते मला मुद्दाम तिथल्या कॅम्प तीनच्या बाजारात घेऊन गेले. शेअर रिक्षात पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बसले आणि सगळी वाट माझ्याशी मान मागं वळवून बोलले. बाजारात एका बनियनच्या दुकानात शिरून त्यांनी तासभर नुसता घोळ घातला. हे दाखव, ते काढ, बाही छोटी, गळा मोठा. शेवटी दुकानदार कळवळून म्हणाला, "अरे दादा, तुमी मागच्या रविवारी पण आली, आज पण आली, तुमी बनियान घेते की नाही घेते?"

मालकांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर आरती ऐकल्यासारखं समाधान. बाहेर आल्यावर म्हणाले, "बगलास? मना बाय केला. पन राग आला का मना? मानूस गोर असला तर चूक पन गोर लागते." गोर म्हणजे गोड.

अशा माणसाच्या शेजारी राहायचं म्हणजे संसाराला कायमचा श्रोता मिळाला. चार दिवस आमच्याकडे शांतता राहिली, तर भिंतीवर टकटक होई, "कय झाला? आजारी हाव का?" भांडण रंगलं तर दुसऱ्या दिवशी निकाल मिळे, "पुनेकर, काल पन तूच हरलास." पण एक झालं. बायको बोलायला लागली. मनसोक्त, मोठ्यानं, 'काहून' आणि 'बाप्पा'सकट. आणि मला कळलं, की ती शांत स्वभावाची वगैरे मुळीच नाही. भलतीच मजेशीर आहे.

मग मे महिन्यात पुण्याहून आई आली.

पहिल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आई, मले वाटलं तुम्ही सकाळी येसान." आई हसली. "मला. आणि 'याल'." झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत पुन्हा पाठ्यपुस्तक सुरू झालं. मालक अस्वस्थ. भिंतीवर टकटक, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी ते पडवीत येऊन आईला म्हणाले, "बाय, सूनबायचा आवाज का बंद झाला?"

आईनं चष्मा वर सरकवला. "आपण भिंतीला कान लावून बसता असं ऐकलं होतं. असो."

 मालकांनी त्या दिवशी वांग्यांना तीनदा पाणी घातलं.

आठवडाभर त्यांनी कसाबसा धीर धरला. दहाव्या दिवशी सकाळी पडवीत सगळ्या बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. बायको कोल्हापूरच्या वहिनींना काहीतरी सांगताना बोलून गेली, "तो चाळणा मले द्या." आई म्हणाली, "मला. किती वेळा सांगायचं गं?" सगळ्यांसमोर. बायकोचा चेहरा उतरला. तिनं सूप खाली ठेवलं आणि ती आत निघाली.

मालक उठले. "बाय, हिचा बोलना आयकून मी खोली दिली. तुमी तो बोलना बदलनार असाल तर खोली खाली करा."

मी दात घासत होतो, ब्रश तसाच तोंडात राहिला. खोली गेली तर कुठं जायचं?

आई म्हणाली, "म्हणजे? सुनेनं कसं बोलायचं हे आता घरमालक ठरवणार?"

"तुमी ठरवताव, मंग मी का नाय?"

"मी तिच्या भल्यासाठी सांगते. चार लोकांत हसू होतं."

"कोन हसला? इकरं कोन हसला? तुमीच हसताव!"

आता 'असो' येणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आईचे ओठही तसे जुळले होते. पण ती उठून उभी राहिली, कमरेला पदर खोचला, आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, जो मी सत्तावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"काय बोलुलालाय वो तुम्ही? अं? माझी सून, मी बघून घेतो की! तुम्ही कशाला मधी तोंड घालुलालाय?"

 कोल्हापूरच्या वहिनी डोळे विस्फारून म्हणाल्या, "अगं बया! ह्या तर आमच्या पलीकडच्या!"

मालकांनी दोन्ही हात खाली सोडले. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता. हळू आवाजात म्हणाले, "बाय, तुमी पुन्याच्या नाय."

आई पायरीवर बसली. तिचं माहेर बेळगावच्या बाजूचं, हे मला ठाऊक होतं. पण आजोबा लवकर गेले, मामा कुणी नव्हता, आम्ही कधी तिकडे गेलो नाही. आईला दुसरी एक बोली असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या लेखी ती पुण्यातच, चष्म्यासकट जन्माला आली होती.

"सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले," ती म्हणाली. आवाज पुन्हा पुण्याचा झाला होता, पण जरा थकलेला. "पहिल्या दिवशी दुपारी सासूबाईंना विचारलं, 'जेवुलालाय काय?' जेवताय का, एवढंच. सगळं घर हसलं. हेसुद्धा हसले. मग दोन महिने मी बोललेच नाही. ऐकत राहिले. आणि शिकले."

 मालकीणबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं दिसलं, म्हणून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "कोन मेला का?"

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घ्या आई. एवढं होतं त मले आधी काहून नाही सांगितलं?"

'मला' आईच्या दातांपर्यंत आलेलं मी स्पष्ट पाहिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि पाण्याबरोबर ते गिळून टाकलं.

त्यानंतर आई दर मे महिन्यात बदलापूरला येऊ लागली. आमच्यासाठी येते असं म्हणायची, पण सकाळचा चहा झाला, की जाऊन बसायची पडवीत. फणस कापायला तेल आधी हाताला लावावं की विळीला, पाऊस नदीकडून येतो की डोंगराकडून, मांजर पाळावं की हाकलावं, कशावरूनही ती आणि मालक तासन्‌तास भांडत. ती तिच्या बोलीत, ते त्यांच्या. मालकीणबाई मधूनच तिसऱ्याच विषयावर ओरडून दोघांनाही हरवत. आईला मी एवढं बोलताना पुण्यात कधी पाहिलं नव्हतं.

आणि एक गोष्ट आईच्याच लक्षात आली, माझ्या नाही. मालकांचा मुलगा कल्याणला नोकरीला होता, तिथंच राहायचा. तो रविवारी आला, की मालक वेगळंच बोलत. "थोडं पाणी दे," असं म्हणताना 'थोडं'मधला 'ड' ते डोक्यावरचा हंडा सांभाळावा तसा जपून उतरवत. साऱ्या मुलखाच्या बोलींचा हा परीक्षक स्वतःच्या पोरापुढं नापास व्हायला घाबरत होता. एकदा त्यांच्या तोंडून 'झगरा' निसटलाच. मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, झगडा! चार लोकांत तरी नीट बोला."

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता, अगदी गोड आवाजात, शंभर टक्के पुण्याच्या मराठीत म्हणाली, "ते तुमचे वडील आहेत, शुद्धलेखनाची वही नव्हेत. असो."

मुलगा लाल झाला, काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. मालकांनी आईपुढच्या मूठभर शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाले, "बाय, तो 'असो' तवरा वाईट नाय."

नव्वदीत आम्ही स्टेशनच्या पूर्वेला स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली. पुढं मालकांच्या खोल्या पाडून तिथं चार मजली इमारत झाली. भिंती जाड, दारं जाड, वर जायला जिना. मालकीणबाई तोवर गेल्या होत्या. मुलगा कल्याणहून परत आला होता, मालक त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहत. जाता-येता दिसायचे, बाल्कनीत.

आई गेली तेव्हा पंधरा दिवसांनी त्यांना सांगायला मी गेलो. ते खुर्चीत बसले होते, कान तेवढेच मोठे, बाकी सगळं लहान झालेलं. मी सांगितलं. त्यांनी एक कान माझ्याकडे केला. मग विचारलं, "शेवटाला कनच्या बोलीत बोलली?"

"तिच्या. शेवटचे आठ दिवस तिच्याच बोलीत. बायकोला म्हणायची, 'जेवलीस काय, का नुसती बसूलालीस?'"

"परत बोल," ते म्हणाले. मी परत म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तुना नाय जमत. सूनबायला पाठव."

पुढच्या रविवारी बायको एकटीच गेली. दुपारी गेलेली दिवेलागणीला परत आली. येऊन पायरीवरच बसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. आईसारखं बोलून दाखव म्हणे. जेवढं येते तेवढं मी दाखवलं."

"मग?"

"मंग भांडले माह्यासंगं. आईसंगं भांडत ना, तसे. लय वेळ भांडले." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी बी काही कमी नाही केलं."